सॅली पिअरसनची १२.५९ आणि तुझा सहावा हर्डल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर मुलींनाही संदर्भ कळेल. तू १७ वर्षांची आहेस, १०० मीटर हर्डल्स पळतेस, आणि यंदाच ७६.२ सेंटिमीटरवरून ८३.८ सेंटिमीटरच्या हर्डलवर आलीस. विभागीय स्पर्धेत सहाव्या हर्डलला अडकून पडलीस, गुडघा सोलवटला. गुडघा बरा झाला, पण तेव्हापासून सहावा जवळ आला की पावलं आखडतात. तुझे सर सांगतात, ऑस्ट्रेलियाच्या सॅली पिअरसनची २०११ च्या जागतिक स्पर्धेतली देगूची शर्यत रोज बघ. तू बघतेस आणि बघून आणखी खचतेस. तू विचारलंस, ‘मॅडम, ती कधी पडलीच नाही का? ती घडली कशी, ते नीट सांगा.’

पडली. चांगली तीन वेळा, तिन्ही वेळा मोठ्या शर्यतीत, सगळ्या जगासमोर. एकदा तर हात मोडून घेतला. तुझ्या सरांनी तुला दिलेली शर्यत उत्तमच आहे, पण ती तिच्या कारकिर्दीचं टोक आहे. टोकाकडे बघत चढ चढता येत नाही. म्हणून मी तुला तिच्या शर्यती वेगळ्या क्रमानं बघायला सांगणार आहे. आणि माझं मत आत्ताच सांगून टाकते: तिची सगळ्यात मोठी शर्यत देगूची १२.२८ सेकंदांची नाही. २०१७ साली लंडनमध्ये तिनं १२.५९ ला जिंकलेली शर्यत त्याहून मोठी आहे. वेळ जवळजवळ तीन दशांश सेकंदांनी जास्त आहे हे मला दिसतं. तरीही.

हे पटायला आपल्या शर्यतीची मापं डोळ्यांसमोर ठेव. सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत १३ मीटर. मग दोन हर्डलमध्ये ८.५ मीटर. दहावा ओलांडला की शेवटपर्यंत १०.५ मीटर. हे तुला पाठ असेल, पण त्यातलं पुढचं गणित फार थोड्या मुलींना कोणी करून दाखवतं. चांगली हर्डलर हर्डलच्या साधारण २ मीटर अलीकडून उडते आणि साधारण १ मीटर पलीकडे उतरते. म्हणजे ८.५ मधले ३ मीटर हवेत गेले. उरले साडेपाच. त्यात तीन पावलं. एका पावलाला १.८ मीटरच्या आसपास जागा मिळते. सपाट १०० मीटरमध्ये वेगवान बाईचं पाऊल २ मीटरच्या वर जातं. याचा अर्थ असा, की हर्डलरला तिचं नैसर्गिक पाऊल कधीच पूर्ण टाकता येत नाही. तिला ते आखूड ठेवून त्याची गती वाढवावी लागते. आणि जसजशी तू वेगवान होत जाशील, तसतसा हर्डल तुझ्या अंगावर येत जाईल. हर्डल तिथंच असतो, तूच लवकर पोहोचतेस. जिला वेग आहे तिलाच ही अडचण. संथ मुलींना पोहोचायची चिंता असते, वेगवान मुलींना जागा पुरत नाही.

सॅली वेगवान मुलींमधली. सपाट १०० मीटर तिनं ११.१४ सेकंदांत पळलंय. तिची सगळी कारकीर्द मला या एका झगड्याची गोष्ट वाटते: अंगात एवढा वेग, आणि साडेपाच मीटरची जागा.

तिचा जन्म १९८६ चा, सिडनीतला, पण ती वाढली क्वीन्सलंडच्या गोल्ड कोस्टवर. आई एकटी, दोन-दोन नोकऱ्या करून मुलीला वाढवणारी. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे परदेशी खेळाडू म्हटलं की सगळं आयतं मिळालं असणार असं धरून चालतात. शेरॉन हॅनन नावाच्या प्रशिक्षक बाईंनी तिला लहान वयात हेरलं आणि २०१३ पर्यंत, म्हणजे ऑलिंपिक सुवर्णानंतरही, त्याच तिच्या प्रशिक्षक होत्या. एवढा काळ एकाच हाताखाली राहिलेली जागतिक विजेती विरळा. निकालांच्या यादीत तिचं नाव शोधशील तर २०१० च्या आधी ‘सॅली मॅक्लेलन’ असं शोध. लग्नाआधीचं आडनाव ते आहे, नाहीतर बीजिंगच्या निकालात ती तुला सापडणार नाही.

२००३ साली कॅनडातल्या शेरब्रुकला ती १७ वर्षांखालच्यांची जागतिक विजेती झाली. हर्डल ७६.२ चे, तू परवापर्यंत पळत होतीस तेच. त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, रिलेच्या संघातून ती पॅरिसच्या मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेतही गेली. आता पुढचं बघ. मोठ्यांच्या हर्डल्समधलं पहिलं मोठं पदक कधी मिळालं? २००८ ला. मधे पाच वर्षं गेली. साडेसात सेंटिमीटर वर चढायला जगातल्या सगळ्यात गुणी मुलीला एवढा काळ लागला. तुला या उंचीवर येऊन किती महिने झालेत ते मोज, आणि मग स्वतःला दोष दे.

त्या पाच वर्षांच्या मधोमध मेलबर्न आहे. २००६ चे राष्ट्रकुल खेळ, स्वतःच्या देशात, भरलेलं स्टेडियम, हर्डल्सची अंतिम शर्यत. ती १९ वर्षांची. आणि ती हर्डलला अडकून पडली. जमैकाची ब्रिजिट फॉस्टर-हिल्टन जिंकली. तुझ्या गावातल्या माणसांसमोर पडल्याचं दुःख तू लिहिलंस, ते मला अगदी समजतं. सॅली तर आख्ख्या देशासमोर पडली होती. तिथंच रिलेत तिला कांस्य मिळालं. म्हणजे त्याच खेळांमध्ये ती परत ट्रॅकवर उतरली, बॅटन हातात घेऊन पळली. माझ्या दृष्टीनं ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. पडलेल्या मुलीला मी शक्य तितक्या लवकर काहीतरी पळायला लावते. रिले, सपाट ८० मीटर, काहीही. पडणं ही तिची त्या मैदानावरची शेवटची आठवण राहू द्यायची नाही.

मी हे अनुभवाच्या जोरावर म्हणते. नव्वदच्या दशकात आम्ही मातीच्या ट्रॅकवर, चुन्याच्या रेषांमध्ये पळायचो. हर्डल लोखंडी पायांचे, वर लाकडी फळी, आणि काहींचे पाय इतके जड की लागला तर हर्डल पडायचा नाही, आपणच पडायचो. माझी नडगी तेव्हा फुटली होती. मला घरी बसवलं, ‘बरं वाटलं की ये’ म्हणून सांगितलं. मी तीन महिन्यांनी गेले तेव्हा नडगी बरी होती आणि मी हर्डलर उरले नव्हते. चौथ्या पावलाला थांबायची सवय लागली ती पुढं सुटलीच नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

बीजिंग २००८. ही शर्यत तू सगळ्यात आधी बघ. अमेरिकेची लोलो जोन्स सगळ्यांत पुढे आहे, सुवर्ण तिच्या हातात आहे, आणि नवव्या हर्डलला तिचा पाय लागतो. ती पडत नाही, फक्त लय तुटते. त्या एका लागण्यानं ती पहिल्यावरून सातवी झाली. डॉन हार्पर १२.५४ ला जिंकली. तिच्या मागं सॅली आणि कॅनडाची प्रिसिला लोप्स-श्लीप, दोघींची वेळ १२.६४, निवाडा छायाचित्रावरून, आणि रौप्य सॅलीला. आता ती शर्यत परत लाव आणि जोन्सकडे बघूच नकोस. फक्त सॅलीची लेन बघ. शेजारी एवढं घडतंय, पण तिचं डोकं हलत नाही, खांदे समोर आहेत. मेलबर्ननंतर दोन वर्षांत तिनं काय कमावलं ते तिथं दिसतं. दुसऱ्याच्या गडबडीत आपली लय सांभाळणं हे वेगापेक्षा उशिरा येतं, आणि ते शिकवून कमी, सोसून जास्त येतं.

२००९ ला ती जोरात होती. मोनॅकोला १२.५० पळली आणि लगेच पाठीच्या दुखण्यानं बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत पाचवी आली. एवढंच सांगून पुढं जाते, कारण मला दिल्लीबद्दल बोलायचंय.

२०१० चे राष्ट्रकुल खेळ दिल्लीला झाले तेव्हा मी माझ्या दोन मुलींना घेऊन जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गेले होते. रेल्वेचं स्लीपरचं तिकीट आणि डब्यात दशम्या. सॅलीनं तिथं सपाट १०० मीटरही घेतली होती. अंतिम शर्यतीत सुरुवात चुकली. इंग्लंडच्या लॉरा टर्नरला बाद ठरवलं गेलं, तिनं हरकत घेतली आणि हरकतीसह पळली. शर्यत सॅलीनं जिंकली. ध्वज घेऊन फेरी मारली. आणि मग, काही तासांनी, इंग्लंडच्या तक्रारीवर निर्णय आला, की त्या चुकलेल्या सुरुवातीत सॅलीही आधी सुटली होती. ती बाद. सुवर्ण गेलं.

त्या वर्षापासूनच नियम कडक झाला होता. पूर्वी एकदा चुकलं तर सगळ्यांना मिळून एक माफी असायची. २०१० पासून पहिल्याच चुकीला घरी. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर (सुटताना पाय टेकवायच्या आधारावर) दाब बदलला की ती चूक, कारण माणसाला ऐकून हलायला तेवढा वेळ तरी लागतोच असं धरलंय. तुझ्या स्पर्धांमध्ये ब्लॉकला यंत्र नसतं, पंचांचे डोळे असतात, पण सवय यंत्राचीच लाव. बंदुकीची वाट बघायची, अंदाज बांधायचा नाही.

काही दिवसांनी तिथंच हर्डल्सची अंतिम शर्यत झाली. माझ्या मुलींपैकी धाकटीनं मला विचारलं होतं, ‘मॅडम, आता ती ब्लॉकमध्ये घाबरून उशिरा सुटेल का?’ फार चांगला प्रश्न होता तो. बाद झाल्यावर शंभरातल्या नव्वद जणी तसंच करतात. पुढच्या शर्यतीत अंगाला कुलूप लागतं. सॅली निवांत सुटली, पण उशिरा नाही. १२.६७ ला जिंकली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि आजही मुलींना सांगते.

तुला आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ज्योती याराजी आठव. २०२३ च्या हांगझोउच्या आशियाई खेळांत चीनची वू यान्नी आधी सुटली आणि गोंधळात ज्योतीलाही लाल कार्ड दाखवलं. ज्योतीनं तिथंच, ट्रॅकवर उभं राहून, आपली बाजू मांडली, हरकतीसह पळाली, १२.९१ ला तिसरी आली आणि नंतर वू बाद झाल्यावर तिचं कांस्य रौप्य झालं. ज्या मुलीला नियम पाठ असतो तीच अशा वेळी बोलू शकते. तू नियमांचं पुस्तक वाचलंयस का?

आता देगू. २०११ ची जागतिक स्पर्धा, दक्षिण कोरिया. उपांत्य फेरीत १२.३६ आणि त्याच दिवशी अंतिम फेरीत १२.२८. पाठीला वारा सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे नियमात चोख. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या डॅनिएल करदर्स आणि डॉन हार्पर या दोघींची वेळ १२.४७. जगाच्या पातळीवर इतका फरक म्हणजे बाकीच्या वेगळ्या शर्यतीत होत्या. तेव्हाचा जागतिक विक्रम १२.२१ चा होता, बल्गेरियाच्या योर्दांका दोन्कोवाचा, १९८८ चा. सॅलीच्या पुढं इतिहासात फक्त तीन बायका होत्या, आणि त्या तिघींच्याही वेळा १९८७ ते १९९२ मधल्या. त्यावर्षी तिला जगातली सर्वोत्तम महिला अॅथलीट म्हणून निवडलं गेलं.

तुझे सर ही शर्यत का दाखवतात ते मला कळतं. ती डोळ्यांना संगीतासारखी वाटते. हर्डलवरून जाताना तिचं डोकं वरखाली होतच नाही असं वाटतं. उतरल्या उतरल्या ती पळायला लागते, मधे विसावा नाही. पण ती बघून तुला काय करायचं ते कळणार नाही, कारण त्यात चूक कुठं दुरुस्त केली हे दिसतच नाही. चूकच नाही. चुकीशिवायच्या शर्यतीतून शिकायला आधी आपल्याला पुष्कळ यावं लागतं.

आणि त्याच्या दोनच आठवड्यांनंतरची शर्यत सहसा कोणी दाखवत नाही. ब्रसेल्स. आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्ममध्ये, जगज्जेती, आणि ती हर्डलला धडकून पडली. त्या मोसमात ती हरली ती तिथंच. मी ती शर्यत पुन्हा पुन्हा बघितली. माझं वाचन असं आहे, की जागा संपली. देगूच्या वेगात साडेपाच मीटर फारच थोडे होतात. एका पावलाला बोटभर जास्त पडलं तर पुढचा हर्डल बोटभर जवळ, त्याच्या पुढचा आणखी बोटभर. वेग हीच तिची ताकद होती आणि वेगानंच तिला त्या दिवशी पाडलं.

लंडन २०१२ बद्दल सगळ्यांनी लिहिलंय म्हणून मी थोडकंच लिहिते. ऑलिंपिकच्या महिनाभर आधी ती लंडनमध्येच केली वेल्सकडून हरली होती. ७ ऑगस्टच्या रात्री ट्रॅक ओला, वारा अंगावर, उणे ०.२. सॅली १२.३५, हार्पर १२.३७, वेल्स १२.४८. ऑलिंपिक विक्रम, तो २०२१ च्या टोकियोपर्यंत टिकला. दोन शतांश सेकंद म्हणजे साधारण वीत. फलकावर नाव उमटायला वेळ लागला, आणि ते उमटल्यावर ती जमिनीवर कोसळली ते चित्र तू बघितलं असशील. कॅथी फ्रीमननं २००० साली सिडनीत मिळवलेल्या सुवर्णानंतर ट्रॅकवरचं ऑस्ट्रेलियन बाईचं ते पहिलं सुवर्ण. मला त्या शर्यतीतलं सगळ्यात आवडतं ते हार्परचं शेवटच्या दोन हर्डलमधलं चढून येणं, आणि सॅलीनं तिच्याकडे न बघणं. बीजिंगला हार्पर पहिली, सॅली दुसरी. इथं उलट. हे नातं लक्षात ठेव, पुढं परत येणार आहे.

२०१३ पासून तिचं शरीर हिशोब मागायला लागलं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटली, तरी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत ती १२.५० पळून ब्रियाना रोलिन्सच्या (१२.४४) मागं दुसरी आली. शेरॉन हॅनन यांच्यापासून ती वेगळी झाली. २०१४ ला ग्लासगोत राष्ट्रकुलचं सुवर्ण राखलं, वेळ पुन्हा १२.६७, बरोब्बर दिल्लीइतकी. आणि जून २०१५ ला रोमच्या शर्यतीत ती पडली, हात खाली टेकला आणि मनगटाजवळ हाड मोडलं. साधं मोडणं नव्हतं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा गेली. २०१६ ला पुन्हा हॅमस्ट्रिंग, आणि रिओ गेलं. म्हणजे ऑलिंपिक विजेती आपलं पदक राखायला उतरूच शकली नाही. वय तिशीला टेकलेलं. त्या काळात नवी मुलगी पुढं आली होती, केनी हॅरिसन. तिची गोष्टही सांगण्यासारखी आहे. २०१६ ला अमेरिकेच्या निवड चाचणीत ती सहावी आली, रिओचं तिकीट हुकलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच लंडनमध्ये १२.२० पळून तिनं दोन्कोवाचा २८ वर्षांचा विक्रम मोडला. (आता तो विक्रमही मागं पडलाय. नायजेरियाच्या टोबी अमुसाननं २०२२ ला यूजीनमध्ये उपांत्य फेरीत १२.१२ ची नोंद केली.)

सॅलीनं २०१६ च्या शेवटी एक गोष्ट केली ती मी कुणालाच सुचवणार नाही. ती स्वतःच स्वतःची प्रशिक्षक झाली. तू करू नकोस, तुझ्यापाशी तिची पंधरा वर्षांची शिदोरी नाही. पण तिनं ते का केलं असावं याचा मी खूप विचार केलाय. मोडलेला हात आणि फाटलेला स्नायू घेऊन सरावाला आलेल्या खेळाडूला आज किती हर्डल लावायचे, कधी थांबायचं, हे बाहेरून ठरवता येत नाही. शरीर आतून काय म्हणतंय ते तिलाच ऐकू येत होतं.

आणि मग ऑगस्ट २०१७, लंडन, तेच स्टेडियम. जागतिक विक्रमवीर हॅरिसन शर्यतीत. सॅली १२.५९. डॉन हार्पर-नेल्सन १२.६३, वय ३३. जर्मनीची पामेला डुट्केविच १२.७२. हॅरिसन चौथी. बीजिंगच्या नऊ वर्षांनंतर त्याच दोघी पहिल्या दोन जागांवर. मी ती शर्यत घरी रात्री जागून बघितली आणि रडले.

आता ती देगूच्या शेजारी ठेवून बघ. १२.५९ मधून १२.२८ गेले, उरले ०.३१. दहा हर्डल. म्हणजे हर्डलमागे जेमतेम तीन शतांश सेकंद ती २०११ पेक्षा मागं होती. डोळ्याला न दिसणारा फरक. पण त्याच्या बदल्यात तिनं काय घेतलं ते बघ: उडायची जागा दहाही वेळा जवळजवळ एकच. रोमच्या आठवणीनं कुठंही आखडतं पाऊल नाही, आणि देगूच्या आठवणीनं कुठं ओढूनताणून लांब पाऊलही नाही. तिशीतल्या बाईनं, हात मोडल्यावर जिला पुन्हा हर्डलसमोर उभं राहायला शिकावं लागलं तिनं, आपल्या आजच्या शरीराला जेवढा वेग पेलतो तेवढाच लावला आणि सगळा लावला. जागतिक विक्रमवीर हॅरिसन त्या शर्यतीत नसती तरी मी हेच म्हटलं असतं. ही शर्यत तू रोज बघ. हिच्यात तुला शिकण्याजोगं आहे.

पुढं फार काही नाही. २०१८ चे राष्ट्रकुल खेळ तिच्याच गावात, गोल्ड कोस्टला होते. उद्घाटनाला राष्ट्रकुलच्या मानाच्या बॅटनचा शेवटचा टप्पा तिनं धावला आणि शर्यतीच्या आधी घोट्यामागच्या अकिलीस शिरेच्या दुखण्यानं माघार घेतली. घरच्या मैदानावर पळता आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं होतं. ऑगस्ट २०१९ ला, टोकियो एक वर्षावर असताना, तिनं निवृत्ती जाहीर केली. शरीर दुसरं ऑलिंपिक सुवर्ण पेलणार नाही हे तिनं ओळखलं.

आता तुझा सहावा.

तू व्हिडिओ पाठवला नाहीस, त्यामुळे मी दोन शक्यता धरून सांगते. पडलीस तेव्हा काय लागलं ते आठव. पुढच्या पायाची टाच किंवा तळवा फळीला लागला असेल तर तू हर्डलच्या फार जवळून उडालीस. म्हणजे तू वेगात होतीस आणि जागा संपली. ही चांगली बातमी आहे. मागच्या पायाचा गुडघा किंवा घोटा लागला असेल तर उडाली होतीस बरोबर, पण मागचा पाय बाजूनं वर आणायचा सोडून खालून ओढलास. तुझ्या वयाच्या मुलींचा वेग पाचव्या-सहाव्या हर्डलच्या आसपास टोकाला पोहोचून उतरायला लागतो, म्हणून दोन्ही चुका तिथंच उघड्या पडतात. सहाव्यात काही शाप नाही.

पहिलं काम, सहाव्या हर्डलच्या अलीकडे २ मीटरवर खडूनं रेष मार आणि मोबाईल बाजूला, जमिनीलगत ठेवून मैत्रिणीला चित्रण करायला सांग. तुझा पाय रेषेच्या पुढं पडतो की मागं, हे पाच वेळा लिहून काढ. अंदाज नको, आकडे हवेत.

दुसरं, अंतर कमी कर. दोन हर्डलमध्ये ८.५ ऐवजी ८ मीटर ठेव आणि उंची परत ७६.२ ला आण. यात कमीपणा नाही. मोठमोठ्या हर्डलर सरावात अंतर कमी करूनच पळतात, कारण त्यांना पावलांची गती शिकायची असते. ८ मीटरमध्ये तुला आखूड आणि भरभर पावलं टाकावीच लागतील. आधी अंतर वाढव, उंची नंतर. अनेक जण उलटं करतात आणि मग मुलगी उडी मारायला लागते. आपण उडी मारत नाही, आपण हर्डलवरून पळतो.

तिसरं, पहिल्या १३ मीटरमध्ये तुझी पावलं किती होतात ते मोज. बहुतेक बायकांची आठ होतात. आठ असतील तर ब्लॉकमध्ये जो पाय पुढं असतो त्याच पायावरून तू उडशील आणि मागच्या ब्लॉकमधला पाय हर्डलवर आधी जाईल. तू पत्रात लिहिलंस की कधी आठ होतात, कधी नऊ. मग खरी गडबड सहाव्यात नसून पहिल्यात आहे. पहिल्या हर्डलला जी चूक बोटभर असते ती सहाव्याला हातभर होते.

चौथं, भीतीचं. भीती नाही असं नाटक करू नकोस. सहा हर्डल लाव आणि सहावा त्याच्या जागी आडवा पाडून ठेव. पाच पळ, आणि सहाव्याच्या जागेवरून त्याच लयीत जा, खाली काहीच उभं नसताना. दहा-बारा वेळा. मग तिथं छोटा सरावाचा हर्डल ठेव. मग ७६.२. घाई नको, एक टप्पा दोन दिवस. पावसानं मैदान ओलं असेल त्या दिवशी स्पाइक्स काढून फक्त भिंतीजवळचा मागच्या पायाचा सराव कर, हाताचा आधार भिंतीला, पाय हर्डलच्या बाजूनं वर, गुडघा काखेकडे. पंचवीस डावा, पंचवीस उजवा.

आणि सरांना माझा निरोप दे, की देगूची शर्यत पुढच्या मोसमात दाखवा. तोपर्यंत २०१७ ची लावा, आवाज बंद करून. टाळ्या आणि समालोचन नसलं की फक्त पावलं दिसतात. सहाव्या हर्डलपाशी थांबव आणि तिची उडायची जागा बघ. मग तुझं चित्रण त्याच जागी थांबव. दोन्ही एकाखाली एक ठेवून मला पाठव, पुढचं त्यावरून ठरवू.